लिनफोन: विद्यापीठाच्या कार्यालयातला संगणकावरचा फोन

तळमजल्यावरच्या खोलीतले ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारे यंत्र, आणि तिथून प्रत्येक विभागापर्यंत गेलेल्या तांब्याच्या तारा अशी आमच्या विद्यापीठाची जुनी टेलिफोन यंत्रणा होती. तिचे सुटे भाग मिळेनासे झाल्यावर ती बंद करण्यात आली आणि तिच्या जागी संगणकांच्या नेटवर्कवरच चालणारे, ॲस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर आधारलेले एक्स्चेंज बसले. टेबलावर ठेवण्याचे नवे फोन मोजक्या अधिकाऱ्यांसाठी घेतले गेले. बाकी सर्वांनी आपापल्या संगणकावर लिनफोन हे फोन लावण्या-घेण्याचे सॉफ्टवेअर टाकून घ्यावे, असे परिपत्रक निघाले. प्रवेश आणि परीक्षा हे दोन्ही हंगाम या सॉफ्टवेअरवर काढल्यानंतर माझे मत असे आहे की, फोन म्हणून लिनफोनमध्ये उणे काढण्यासारखे फारसे नाही. मात्र जुना फोन टेबलाचा होता आणि हा फोन संगणकावर बसलेल्या माणसाचा आहे, या फरकाची व्यवस्था आधीच लावली नाही, तर चांगले सॉफ्टवेअर असूनही कार्यालयाचा फोन लागत नाही अशी ओरड सुरू होते.

लिनफोनची सुरुवात २००१ मध्ये झाली आणि आज फ्रान्समधील ग्रनोबल येथील बेलडॉन कम्युनिकेशन्स ही कंपनी त्याचा सांभाळ करते. ते मुक्तस्रोत आहे, वापरायला मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड व आयफोन या सर्वांवर चालते. ज्या विभागांत अर्धे संगणक विंडोजवर आणि अर्धे उबुंटूवर आहेत, तिथे ही गोष्ट मोलाची ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सिप या, नेटवर्कवरून फोन जोडण्याचे नियम ठरवणाऱ्या खुल्या मानकावर चालते. हे मानक १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. परदेशी परीक्षकांबरोबर पीएचडीच्या मौखिक परीक्षा वर्षानुवर्षे स्काइपवर घेणाऱ्या प्राध्यापकांना ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाल्यावर दुसरी सोय शोधावी लागली. इथे तसे होत नाही, कारण क्रमांक आणि पासवर्ड विद्यापीठाच्या एक्स्चेंजवर असतात. उद्या लिनफोन नकोसा झाला, तर तीच माहिती मायक्रोसिप किंवा झोयपर यांसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरली की तोच एक्स्टेन्शन, म्हणजे आपला अंतर्गत फोन क्रमांक, तिथे वाजू लागतो.

सुरुवात करताना बहुतेक जण पहिल्याच पडद्यावर अडखळतात. सॉफ्टवेअर उघडताच ते लिनफोनच्या स्वतःच्या सेवेवर खाते काढायला सुचवते. विद्यापीठातील कर्मचाऱ्याला त्याची गरज नसते, त्याने अन्य सिप खाते वापरण्याचा पर्याय निवडावा. पुढे वापरकर्त्याचे नाव विचारले जाते, तिथे आपले नाव न लिहिता एक्स्टेन्शन क्रमांक लिहायचा असतो. पासवर्ड संगणक विभागाने दिलेला आणि डोमेनच्या रकान्यात एक्स्चेंजचा पत्ता, एवढे भरले की काम जवळपास झालेच. राहतो तो ट्रान्सपोर्टचा, म्हणजे एक्स्चेंजशी संदेशांची देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने करायची याचा रकाना, ज्यात यूडीपी, टीसीपी आणि टीएलएस असे तीन पर्याय दिसतात. एक्स्चेंजवर जो चालू असेल तोच इथे निवडावा लागतो, अन्यथा बाकी सगळे बिनचूक असूनही नोंदणी होत नाही आणि वापरणारा बिचारा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. आमच्या संगणक विभागाने या चार-पाच ओळींचे एक पानी पत्रक काढून प्रत्येक विभागात वाटले, आणि मोबाइलसाठी तर सगळी माहिती आपोआप भरणारा क्यूआर कोडच दिला. ही तयारी झालेली असेल तर नवख्या लिपिकालाही चहा निवायच्या आत पहिला फोन लावता येतो.

आवाजाचा दर्जा जुन्या फोनपेक्षा सरस आहे, आणि त्याला कारण आहे. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जात असे, जी.७२२ किंवा ओपस या आवाज नेटवर्कवरून पाठवण्याच्या पद्धती दोन्ही बाजूंना चालू असतील, तर हा पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत किंवा त्याहून वर जातो आणि आसनक्रमांक सांगताना ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोटाळा होत नाही. अर्थात हा लाभ विद्यापीठाच्या आतल्या आत आहे. सुरगाण्याहून किंवा पेठहून मोबाइलवरून आलेला फोन बाहेरच्या लाइनवर जसा पोहोचेल तसाच ऐकू येतो. नेटवर्कवर ताण येईल ही भीतीही निराधार आहे. जी.७११ ही जुनी, सर्वत्र चालणारी पद्धत वापरली तरी एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, म्हणजे एकाच वेळी ५० जण बोलत असले तरी साडेचार मेगाबिटच्या आतच भागते. खरा शत्रू वेगळाच आहे: डोक्यावरचा पंखा. एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याखाली लॅपटॉपच्या माइकवरून बोलले, तर पलीकडच्याला आपल्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. त्यामुळे तोंडाजवळ माइक येणारा यूएसबी हेडफोन हा या व्यवस्थेत चैनीचा नव्हे तर गरजेचा भाग आहे, आणि सॉफ्टवेअर फुकट म्हणून हेडफोनचा खर्च वगळणारा प्रस्ताव मुळातच अपुरा समजावा.

आता टेबलाकडे वळतो. विद्यापीठाशी बाहेरच्या माणसाचा संबंध व्यक्तीशी नसतो, टेबलाशी असतो. ‘भाऊसाहेब, पोराचं गुणपत्रक कधी येईल?’ असे विचारणाऱ्या पालकाला त्या टेबलावर आज कोण बसले आहे याच्याशी कर्तव्य नसते. जुना फोन टेबलावर वाजत राही, आणि संबंधित लिपिक रजेवर असला तरी शेजारच्या मॅडम किंवा शिपाई तो उचलून निदान ‘उद्या या’ एवढे तरी सांगत. लिनफोनमध्ये मात्र लिपिकाने संगणक सुरूच केला नसेल, तर तो एक्स्टेन्शन कुठेच वाजत नाही. यावर उपाय लिनफोनमध्ये कमी आणि एक्स्चेंजमध्ये जास्त आहेत. परीक्षा विभागासाठी एक सामाईक क्रमांक ठेवून तो त्या विभागातील सर्व संगणकांवर एकदम वाजवता येतो, आणि कोणीच उचलला नाही तर ठरलेल्या सेकंदांनंतर तो स्वागतकक्षाकडे वळवता येतो. लिनफोनमध्ये एकाहून अधिक खाती ठेवता येत असल्याने रजेवरच्या सहकाऱ्याचा एक्स्टेन्शन आपल्याही संगणकावर घेता येतो, पण त्यासाठी पासवर्ड हातोहात फिरू लागतात, आणि ही प्रथा मला पसंत नाही; सामाईक क्रमांक हाच सरळ मार्ग आहे.

याच संदर्भात सेटिंगमधली एक लहानशी बाब कोणी सांगत नाही, पण तिच्यावर पुष्कळ अवलंबून आहे. फोनची घंटा कुठे वाजावी आणि बोलणे कुठे ऐकू यावे, हे लिनफोनमध्ये वेगवेगळे ठरवता येते. दोन्ही हेडफोनवर ठेवले, तर टेबलाच्या खणात पडलेल्या हेडफोनमध्ये घंटा वाजते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. घंटा संगणकाच्या स्पीकरवर आणि बोलणे हेडफोनवर, असे पहिल्याच दिवशी करून घ्यावे. काही सरकारी पद्धतीच्या खरेदीतल्या संगणकांना स्पीकरच नसतो, हे मात्र आधी तपासलेले बरे.

मोबाइलवरच्या लिनफोनबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. ॲप पडद्यामागे गेल्यावर मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी ते झोपवतो, आणि त्याला जागे करणारी सूचना एक्स्चेंजकडून यावी लागते. ती सोय विद्यापीठाने स्वतः उभारलेल्या साध्या एक्स्चेंजमध्ये सहसा नसते, त्यामुळे येणारे फोन, विशेषतः आयफोनवर, बेभरवशाचे ठरतात. घरून वापरताना राउटरच्या मागे असल्यामुळे आपले बोलणे पलीकडे जाते आणि पलीकडचे येत नाही, असा एकतर्फी प्रकारही घडू शकतो. यावर एक्स्चेंज थेट इंटरनेटवर उघडे करणे हा उपाय नव्हे. सिपचे ५०६० हे पोर्ट, म्हणजे फोनच्या संदेशांसाठीचे नेटवर्कवरचे दार, धुंडाळणारे आणि कच्चे पासवर्ड फोडून दुसऱ्याच्या पैशांनी परदेशी फोन लावणारे जगभर टपलेले असतात. बाहेरून वापरायचे असेल तर विद्यापीठाच्या व्हीपीएनमधूनच, म्हणजे बाहेरून आतल्या नेटवर्कवर येण्याच्या सुरक्षित वाटेनेच, वापरावे.

विजेचा मुद्दा शेवटी घेतला असला तरी तो गौण नाही. जुन्या यंत्रणेत टेबलावरच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतूनच मिळत असे, त्यामुळे वीज गेली तरी फोन चालू राही. संगणकावरचा फोन यूपीएस जितका वेळ तग धरील तितकाच चालतो, आणि महावितरणच्या पावसाळापूर्व देखभालीच्या दिवसांत तेवढ्याने भागत नाही. म्हणून प्रवेशद्वारावरची सुरक्षा चौकी, दवाखाना आणि वसतिगृहे येथे नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणारे साधे टेबल फोन ठेवावेत, त्यांचे स्विच आणि एक्स्चेंज इन्व्हर्टरवर घ्यावेत, आणि खर्च वाचतो म्हणून या ठिकाणी लिनफोन बसवण्याची सूचना कोणी केली, तर ती टिपणीवरच नामंजूर करावी.