आरएक्स 100 चं बाजारातलं चेंबर: पोट आहे, माप नाही

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर यामाहाच्या आरएक्स 100 या टू-स्ट्रोक बाइकसाठी फुगीर पोटाचं चेंबर, म्हणजे मूळ सायलेन्सरच्या जागी बसणारा धुराचा पाइप, मागितलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "क्रोम की काळं?" किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) जोर हवाय, हे कुणी विचारत नाही. गडबड तिथेच होते.

फुगीर पाइप आधीही होते, पण त्यांना मापात बसवलं ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेननं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येत असताना एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं तोंड, उघडंच असतं, त्यामुळे थोडं मिश्रण न जळताच बाहेर पडतं. चेंबरचा रुंदावणारा कोन आधी जळका धूर ओढून घेतो. मग मागचा निमुळता कोन दाबाची लाट उलटी फेकतो आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलतो. हलणारा भाग एकही नाही! याच जोरावर 1961 मध्ये काडेनच्या 125 सीसी इंजिनानं 25 हॉर्सपॉवर दिली. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडे गेला, आणि 1962 मध्ये सुझुकीवर 50 सीसीचा जगज्जेता झाला.

ही लाट वेळेवर परतली तरच उपयोग. इंजिनाच्या 360 अंशांच्या एका फेरीत पोर्ट 180 अंश उघडं राहत असेल आणि 8000 आरपीएमला जोर हवा असेल, तर पिस्टनपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंत साधारण 97 सेंटीमीटर लांबी लागते. लांबी कमी केली की जोर आणखी वर सरकतो आणि खालचा पिकअप मरतो. बाजारातली बरीच चेंबरं आखूडच असतात. सायनच्या सिग्नलला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला त्यांचा काय फायदा?

दुसरी खोट शेपटीत. मागची बारीक नळी बेंड पाइपच्या (सिलिंडरपासून निघणाऱ्या पुढच्या पाइपच्या) आतल्या व्यासाच्या 0.58 ते 0.62 पट हवी. आवाज दाबायला ती आणखी बारीक केली की उष्णता कोंडते आणि पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. विकत घेण्याआधी नळीत व्हर्नियर घालून मोजाच. आतून वेल्डिंगचे गोळे लागत असतील तर तो नग परत ठेवा.

बसवताना सिलिंडरच्या तोंडाशी गॅस्केट नवीच घाला. कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) आधी दोन नंबर मोठा टाका, मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन क्लच दाबा, लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. दुधाच्या चहासारखा रंग आला की ठीक. पांढरा दिसला तर जेट आणखी मोठा करा. तसंच चालवत राहिलात तर रिबोअरचा, म्हणजे सिलिंडर पुन्हा घासून घेण्याचा, खर्च ठरलेला. काळा, ओला दिसला तर एक नंबर खाली या.

पत्रा साध्या लोखंडाचा. एका पावसाळ्यात, त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेत, जोडावर गंज धरतोच. पोट खाली लोंबतं, म्हणून सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर आधी तेच घासतं. वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेत, तेही ध्यानात असू द्या.

ट्रॅकवर चालवणार असाल आणि माप देऊन बनवून घेणार असाल तर पाचपैकी चार. तयार नगाला दीड, तोही क्रोमचा.