पायडँटिक 2 : वापरानंतरचा अनुभव आणि 1970 सालची एक थकबाकी

मुलुंडमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या सदस्याच्या देखभाल शुल्काच्या थकबाकीवर आमच्या प्रणालीने 23 ऑगस्ट 1970 पासून व्याज आकारले. ती इमारत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उभी राहिली. बिल छापले जाण्यापूर्वी संस्थेच्या खजिनदारांच्या लक्षात आले म्हणून निभावले, पण ज्या लायब्ररीच्या भरवशावर आम्ही हाताने लिहिलेल्या सगळ्या तपासण्या काढून टाकल्या, तिच्याविषयी सविस्तर लिहिणे त्यानंतर भाग पडले. पायडँटिक ही बाहेरून आलेला डेटा ठरवलेल्या प्रकारांशी ताडून पाहणारी पायथन भाषेतील लायब्ररी आहे आणि त्या डेटाचा साचा, म्हणजे मॉडेल, तिच्या बेसमॉडेल या क्लासवरून लिहितात, एवढे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

घडले ते असे. संस्थांचा जुना हिशेब आम्हाला एका पुरवठादाराकडून जेसन (डेटा साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) फाइलींच्या रूपात मिळतो. त्यात शेवटच्या भरण्याची वेळ पूर्वी आयएसओ पद्धतीच्या (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा) मजकुरात येत असे. पुरवठादाराने न कळवता ती बदलली आणि 1 एप्रिल 2024 ही तारीख 20240401 अशा साध्या पूर्णांकात येऊ लागली. आमच्या मॉडेलमध्ये त्या फील्डचा प्रकार डेटटाइम (तारीख आणि वेळ) असा आहे, कारण पावतीसाठी वेळही लागते. डेटटाइमच्या जागी पूर्णांक आला तर पायडँटिक तो 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांचा आकडा मानते. दोन कोटी दोन लाख चाळीस हजार चारशे एक सेकंद म्हणजे 234 दिवस आणि वर सहा तास वीस मिनिटे एक सेकंद. हिशेब अचूक आहे आणि तक्रारीला जागा नाही. त्रुटीसंदेश नाही की इशाराही नाही. व्याजाचे सूत्र त्यातला फक्त तारखेचा भाग घेते, त्यामुळे पुढेही काही अडले नाही.

फील्डचा प्रकार नुसता डेट असता, तर हाच आकडा नाकारला गेला असता, कारण तिथे सेकंदांतून निघणारी वेळ बरोबर मध्यरात्रीची असावी लागते. एकच आकडा एका प्रकाराला चालतो आणि त्याच्या सख्ख्या भावाला चालत नाही, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. पण प्रकार तपासण्यासाठी घेतलेली वस्तू मुळात प्रकार बदलून देण्याला इतकी उत्सुक का असावी, हा माझा आक्षेप कायम आहे. बूलियन (खरे किंवा खोटे) फील्डला 'येस', 'ऑफ', 'वाय' असले मजकूरही याच उदारपणे चालतात.

मायपाय (प्रोग्रॅम न चालवताच कोडमधील प्रकारांच्या चुका दाखवणारे साधन) लावले असते तर, असे कोणी म्हणेल. मायपाय आमच्याकडे आधीपासून आहे आणि या प्रकरणात ते निर्दोष आहे. जेसन वाचून हाती येणाऱ्या डेटाचा प्रकार त्याच्या लेखी 'एनी' (कोणताही) असतो, आणि 'एनी' समोर ते बोलत नाही. पायथनमधील टाइप हिंट्स (कोडमध्ये लिहून ठेवलेले प्रकार) प्रोग्रॅम चालताना भाषा स्वतः तपासत नाही, आणि 3.7 पासून भाषेतच असलेले डेटाक्लासही त्या हिंट वाचून फील्ड तेवढी तयार करतात. पूर्णांकाच्या जागी मजकूर दिला तरी मुकाट्याने ठेवून घेतात. म्हणजे बाहेरून येणाऱ्या डेटासाठी चालत्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी दाराशी लागतेच.

इथपर्यंतचा मजकूर लिहून झाल्यावर पायडँटिकचा स्ट्रिक्ट मोड (प्रकार बदलून न देता तपासण्याची पद्धत) नीट लावून पाहिला, आणि मत बरेच बदलले. मॉडेलच्या कॉन्फिगमध्ये 'स्ट्रिक्ट' खरे केले की तोच पूर्णांक डेटटाइमला चालत नाही. मात्र यात एक अडचण आहे. फाइल आधी जेसन म्हणून वाचून तिची डिक्शनरी (नाव आणि किंमत यांच्या जोड्या) मॉडेलला दिली, तर आयएसओ मजकुरातील चांगल्या तारखाही नाकारल्या जातात, कारण तिथे प्रत्यक्ष डेटटाइम ऑब्जेक्टचीच अपेक्षा असते. मूळ मजकूर थेट 'मॉडेल_व्हॅलिडेट_जेसन'ला दिला तर त्या स्वीकारल्या जातात, कारण जेसनमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकारच नाही हे लायब्ररीला माहीत असते. या एका फरकापायी आमचा फाइल वाचण्याचा सारा भाग नव्याने लिहावा लागला, आणि तो पूर्वीपेक्षा आखूड झाला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्रुटीसंदेशांबाबत मात्र पहिल्यापासून तक्रार नाही. एका नोंदीतील सगळ्या चुका एकदम आणि फील्डच्या नावासह मिळतात. आयएफएससी कोडमधील पाचवे अक्षर शून्यच असते, पण कारकून तिथे हमखास इंग्रजी 'ओ' टंकतात. एका पॅटर्नने ते सगळे पकडले गेले आणि खजिनदारांना एकच यादी पाठवता आली. पहिल्या आवृत्तीवरून आलेल्यांनी 'ऑप्शनल' फील्ड तेवढी तपासावीत : पूर्वी ती न दिल्यास आपोआप 'नन' (रिकामी किंमत) मिळे, आता डिफॉल्ट लिहिले नसेल तर ती आवश्यक ठरतात. वेगाबद्दल लोक फार बोलतात, कारण 2023 च्या दुसऱ्या आवृत्तीत गाभा रस्ट या वेगवान भाषेत लिहिला गेला. आमचा सर्व्हर सर्वांत स्वस्त योजनेतला आहे आणि बिले रात्री निघतात, तेव्हा वेगाचे मला विशेष कौतुक नाही. परवाना एमआयटीचा, शुल्क शून्य, याचे आहे.

अनोळखी फील्ड गुपचूप टाकून देणे हाही डिफॉल्टच आहे. पुरवठादाराने नाव बदलले आणि आपल्या फील्डला डिफॉल्ट किंमत असली, तर खरी रक्कम गळून तिथे शून्य बसते. 'एक्स्ट्रा' ही सेटिंग 'फॉरबिड' (मनाई) करावी. विचार करत बसू नये.

शेवटचा मुद्दा ऑब्जेक्ट तयार झाल्यानंतरचा. पायडँटिकची तपासणी लोकलच्या स्थानकातील टीसीसारखी आहे. दाराशी तिकीट पाहिले की पुढे डब्यात कोणी विचारत नाही. तयार बिलाच्या रकमेत नंतर मजकूर कोंबला तरी चालते, कारण 'व्हॅलिडेट_असाइनमेंट' (नंतरच्या बदलांची तपासणी) मुळात बंद असते. ते सुरू करण्याऐवजी आम्ही बिलाचा क्लास 'फ्रोझन' केला, म्हणजे फील्ड बदलायला गेले की त्रुटी मिळते आणि दुरुस्तीसाठी नवी प्रत काढावी लागते. पण प्रत काढणारे 'मॉडेल_कॉपी' त्याला दिलेल्या नव्या किमती तपासतच नाही. म्हणून आम्ही बिल डंप करून, किंमत बदलून, पुन्हा पूर्ण तपासणीतून नवा ऑब्जेक्ट बांधतो. चार ओळी जास्त लागतात, आणि त्या प्रत्येक क्लाससाठी लिहाव्या लागू नयेत म्हणून आता स्वतःचा एक पायाभूत क्लास ठेवला आहे, ज्यात वरच्या स्ट्रिक्ट, फॉरबिड आणि फ्रोझन या तिन्ही सेटिंग्ज आधीच लावलेल्या आहेत.