खिशातला व्हॉइस रेकॉर्डर, दीड वर्ष वापरून: पंखा, शांतता आणि माझी बडबड

रेकॉर्डर घेऊन दीड वर्ष झालं, आता लिहायला हरकत नाही. मी बातमीदारीत तशी नवीनच, तिसरं वर्ष चालू आहे, आणि काम म्हणजे वस्त्यांमधलं पाणी, शाळा सुटलेली पोरं, एकटे राहणारे म्हातारे, असलं. म्हणजे पत्रकार परिषदा नाहीत, कोणाच्या तरी घरात बसून दोन-दोन तास ऐकणं. हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे, गाणी-बिणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी दुसरीकडे बघा. वस्तू साधी आहे, वर दोन माइक, आत दोन बारीक सेल आणि मायक्रो एसडी कार्ड. या वर्गातले सगळे थोड्याफार फरकाने असेच असतात.

फोन असताना हे कशाला, असं सगळेच विचारतात. फोनवर मी वर्षभर केलं ना. मधेच कॉल आला की रेकॉर्डिंग थांबलेलं कळत नाही ही एक गोष्ट, पण खरी अडचण वेगळीच आहे, फोन समोर ठेवला की मधेमधे स्क्रीन उजळते, बोलणाऱ्याची नजर तिकडे जाते, माझीही जाते, आणि घरातलं दुखणं सांगणाऱ्या माणसाला वाटतं हिचं लक्ष मेसेजमधे आहे. रेकॉर्डरला दुसरं कामच नाही. लाल दिवा लागला म्हणजे चालू, विझला म्हणजे बंद. मी तो सरळ समोरच्याच्या हाताशी ठेवते आणि सांगते, छापायचं नाही असं काही सांगायचं असेल तर आधी हे बटण दाबा. बरेच जण दाबतात.

आवाज मस्त येतो, पण ऑटो लेव्हल बंद केल्यावर. डब्यातून काढल्यावर माझ्या रेकॉर्डरमधे ती चालूच होती आणि मी पहिले दोन महिने तशीच ठेवली. ऑटो काय करतं, आवाज कमी झाला की आपणहून रेकॉर्डिंगची पातळी वाढवतं. एका बाईंना त्यांच्या मुलाबद्दल विचारलं आणि त्या थांबल्या, चांगल्या वीसेक सेकंद. घरी येऊन ऐकते तर त्या वीस सेकंदांत पंखा चढत चढत हेलिकॉप्टर झालेला. त्यांचा श्वास, हातातल्या बांगड्यांचा आवाज, सगळं त्यात गेलं. आता लेव्हल हाताने लावते, बोलण्याची टोकं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येतील अशी (शून्याला आवाज फाटतो), आणि लो कट, म्हणजे खालचे घुमणारे आवाज कापणारी सोय, ८० किंवा १०० हर्ट्झला ठेवते, त्याने पंख्याची घरघर बरीच खाली येते. सगळी जात नाही. टेबलावर नुसता ठेवू नका, खाली रुमाल घाला, नाहीतर कोणी टेबलाला हात लावला की ढुम्म.

फॉरमॅटवर लोक उगाच भांडतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ वेव्ह फाइल (म्हणजे न दाबलेला, पूर्ण आवाज) मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पन्नासेक तास. एमपी३, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, १२८ केबीपीएसला ठेवली तर तासाला साठ एमबीसुद्धा लागत नाहीत. लिहायच्या बातमीला एमपी३ पुरे, पॉडकास्ट करायचा असेल तर वेव्ह. वस्तीच्या मीटिंगला मात्र स्टीरिओच ठेवा, आठ जण एकदम बोलतात तेव्हा डावीकडचा कोण आणि उजवीकडचा कोण एवढं तरी हेडफोनमधे कळतं, आणि कोण कुठे बसलंय ते वहीत काढून ठेवा, हे मी दोनदा न करून पस्तावलेय.

ऑडिओ उतरवून काढणं हा वेगळाच छळ. तासाभराच्या बोलण्याला माझे चार तास जातात. म्हणून मी पण ऑटो ट्रान्सक्रिप्शन लावून बघितलं, आणि तिथे त्या बाईंच्या शांततेच्या जागी एक अख्खं वाक्य आलेलं जे कोणीच बोललं नव्हतं! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग वाचलं की २०२४ मधे व्हिस्पर या, बोलणं ऐकून मजकूर लिहिणाऱ्या एआय मॉडेलवर अभ्यास झाला होता, साधारण १ टक्का ऑडिओ तुकड्यांत न बोललेलं वाक्य सापडलं आणि बोलताना जास्त थांबणाऱ्या लोकांच्या बाबतीत हे जास्त होतं. म्हणजे नेमके आमच्या कामातले लोक. आता मशीनचा मजकूर फक्त जागा शोधायला वापरते, अवतरण टाकायचं असेल तर कानाने ऐकूनच.

तसं शांतता भरायची सवय मशीनलाच आहे असं नाही. जुन्या फाइल्स सलग ऐकल्या तेव्हा कळलं की समोरचा जरा थांबला की तीन सेकंदांत माझा पुढचा प्रश्न हजर. एका आजोबांचं वाक्य मी चार वेळा तोडलंय, चारही वेळा ते तिथेच परत यायला बघतायत आणि मी आपली माझ्या यादीवर. ऐकताना कान गरम झाले. नोट्समधे हे कधीच दिसलं नसतं, कारण नोट्स पण मीच लिहिते ना.

तक्रारी. सेल बदलायला जरा वेळ लागला की घड्याळ १ जानेवारीवर जातं. एकाने बातमी आल्यावर "मी असं बोललोच नव्हतो" म्हटलं, माझ्याकडे आवाज होता पण फाइलवर तारीख भलतीच, संपादकांसमोर तोंड वेडंवाकडं झालं. तेव्हापासून सुरुवातीलाच तारीख, जागा आणि "रेकॉर्ड करू का" हे बोलूनच घेते, त्यांचं "हो" पण टेपवर येतं. दुसरी तक्रार, पासवर्ड नाही. नेट नसल्यामुळे कोणाचा आवाज आपोआप कुठल्या सर्व्हरवर जात नाही हे छानच, पण कार्ड हरवलं तर ज्याला सापडेल तो ऐकणार. डिलीट केलेलं पण वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत परत काढता येतं. नाव लपवून बोलणाऱ्यांसाठी मी वेगळं कार्ड ठेवते, घरी आल्या आल्या एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या, डिस्कवर टाकते आणि ते कार्ड पुढे कोणाला देत नाही.

रोज मुलाखती असतील तर घ्याच, महिन्यातून एखादी असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, भागतं. पाचपैकी चार स्टार, एक घड्याळासाठी कापलाय.