दहावी मुक्त विद्यालयातून : अभ्यासकेंद्राचा अनुभव, पाचपैकी चार

भाच्याला नववीत शाळेने "दाखला काढून न्या" असं तोंडी सांगून टाकलं. मारामाऱ्या, उलट उत्तरं, खाडे. भावाने बरीच विचारपूस करून गंगापूर रोडच्या बाजूचं एक छोटं खासगी केंद्र गाठलं. तिथे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस), म्हणजे रोजच्या शाळेत न जाता देता येणाऱ्या, दहावीची तयारी करून घेतात. भावाची ड्युटी पाळीची, सोडणं-आणणं माझ्याकडे, म्हणून हा रिव्ह्यू आत्याचा.

शिकवणं बरं आहे. पाच विषय, परीक्षा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, तेवढ्यात नऊ संधी. सगळे पेपर एकदम द्यायची सक्ती नाही हे कळल्यावर पोरगं जरा माणसात आलं.

मला लिहायचंय ते शिस्तीबद्दल. भिंतीवर पोरांच्याच अक्षरातला एक कार्डशीट आहे. "राग आला तर सांगून बाहेर पडायचं, गॅलरीत बसायचं, दहा मिनिटांनी परत यायचं." "उशीर होणार असेल तर आधी कळवायचं." शेजारच्या रकान्यात शिकवणाऱ्या ताई-दादांनी काय करायचं तेही आहे: "चारचौघांत कुणाला बोलायचं नाही, बाजूला घेऊन बोलायचं." अख्ख्या कागदावर 'नाही' एकदाच आलंय, तेही मोठ्यांच्या रकान्यात!

पावसाळ्यात आमच्या चिरंजीवांनी खिडकीची काच फोडली. संध्याकाळी ताईंचा फोन आला. आधी काय झालं होतं (मोठ्याने वाचताना अडखळला, एकजण हसला), मग काय घडलं आणि आता काय ठरलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. "समजावा जरा तुमच्या मुलाला" नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी दादा त्याला काचवाल्याकडे घेऊन गेले. माप यानेच घेतलेलं, ते चुकलं, तर परत जायचं तेही यानेच. निम्मे पैसे त्याने शनिवारी केंद्रातल्या पुस्तकांना कव्हरं घालून फेडले. हसणाऱ्यालाही बसवून बोलले. माझी आई म्हणाली, लाड चाललेत. तिला म्हटलं, शाळेत पट्टी खाऊन पाच मिनिटांत सुटायचा, इथे दोन शनिवार गेले.

शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे, पण तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. आमचा पंधराचा. तरी मारायचं नाही, छळायचं नाही, हे या केंद्राने स्वतःहून प्रवेशाच्या फॉर्मवरच छापलंय, ते मला फार आवडलं.

एक स्टार कापला तो मोबाइलपायी. कार्डशीटवर "आल्यावर टोपलीत ठेवायचा", पण एक ताई काटेकोर आणि दुसऱ्या दादांच्या तासाला निम्म्यांच्या मांडीवर मोबाइल. पोरं हे बरोबर हेरतात, आणि मग बाकीच्या नियमांवरही वकिली सुरू होते. समुपदेशक बाई पंधरवड्यातून एकदाच येतात, तेही कमी पडतं. पालकसभा बुधवारी सकाळी अकराला! नोकरदार माणसाने काय करायचं? रविवारी ठेवा म्हणून मी लेखी दिलंय, अजून उत्तर नाही.

फी हप्त्याने घेतात. पावती मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या.