आरपीएमच्या डायलखाली व्होल्टमीटर

ट्रकचं आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा, दुरुस्त करायला किंवा ‘सेट’ करून घ्यायला टाकलं असेल, तर गाडी दुकानासमोरून हलवायच्या आधी इंजिन आयडलवर (एक्सिलेटर न दाबता नुसतं चालू) ठेवून हेडलाइट लावून बघा. इंजिनाचा आवाज तसाच राहिला आणि काटा मात्र खाली घसरला, तर पैसे देऊ नका. खात्री करायची असेल तर हॉर्न दाबा. काटा हॉर्नला दचकत असेल तर ते मीटर इंजिनाचे फेरे मोजतच नाही. पाच-सहा लिटरच्या डिझेल इंजिनाला दोन दिव्यांचं ओझं ते काय जाणवणार!

माझ्या गाडीला नागपुरात भंडारा रोडवरच्या एका दुकानदाराने असलंच मीटर साडेचार हजाराला बसवून दिलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण तक्रारीत आहे. पण ही युक्ती एकट्या त्यालाच सुचली असेल असं मला वाटत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी टाटाची जुनी १६१३. सोळा टनाची, आत ६९७ इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. एकच गाडी आहे, तिच्यावरच घर चालतं. कळमन्याच्या बाजारात धान्य आणायचं आणि परतीला जे मिळेल ते भरायचं. आमचा जुना ड्रायव्हर गाडी कानाने चालवायचा. त्याने कधी मीटरकडे पाहिलं नाही, त्यामुळे कंपनीचं आरपीएम मीटर केव्हा बंद पडलं याचा कोणाला पत्ताही नव्हता. तो गावी गेला आणि त्याच्या जागी सावनेरकडचा एक पोरगा आला. हात चांगला, पण नव्या गाड्यांवर शिकलेला. गिअर कधी टाकायचा हे नव्या गाडीत समोर दिसतं, त्याची त्याला सवय. आल्या आल्या म्हणाला, “भाऊ, काटा पायजे.” मागणी रास्तच होती.

इथे थोडं इंजिनाबद्दल सांगतो, कारण दुकानदाराने याच खऱ्या गोष्टीच्या आडून काम साधलं. पेट्रोल कारच्या आरपीएम मीटरवर साधारण आठ हजारापर्यंत आकडे असतात. आमचं इंजिन आयडलला सहाशेच्या आसपास फिरतं आणि अडीच हजाराच्या आतच त्याची सगळी ताकद संपते. डिझेल वाचवायचं तर १२०० ते १६०० च्या हिरव्या पट्टीत राहायचं. आता कारचं मीटर इथे लावलं, काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७० अंश फिरतो असं धरलं, तर आठ हजाराच्या डायलवर ही हिरवी पट्टी जेमतेम साडेतेरा अंशांची होते. खड्ड्यातून उसळणाऱ्या केबिनमध्ये ती दिसायची कशी? तीच पट्टी तीन हजाराच्या डायलवर ३६ अंश होते आणि नजर टाकली की कळते. तेव्हा सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला त्याच्या मापाचं डायल हवं, ही गोष्ट शंभर टक्के खरी.

दुकानदार नेमकं हेच बोलला. “कारचं मीटर लावून काही फायदा नाही भाऊ. कंपनीचं आता भेटत नाही, अन् भेटलं तरी दहा हजाराच्या खाली नाही. मी कारचंच घेतो, तुमच्या इंजिनाले सेट करतो, डायल नवं छापतो. तीन हजारापर्यंतच आकडे ठेवतो, मंधात हिरवी पट्टी.” माणूस जाणकार वाटला, आणि होताही. डायल छापलेलं मी आजही वाखाणतो. सुबक आकडे, हिरवी पट्टी, शेवटी लाल. बसवल्यावर त्याने माझ्यासमोर एक्सिलेटर दिला, काटा सुरेख वर चढला, सोडला तसा खाली आला. “पाहून घ्या न भाऊ, कसा चढून राह्यला!” मीटरच्या पाठीवर ‘कॅलिब्रेटेड’ असं स्टिकरही लावलं. पावती कच्ची, साध्या वहीतली. जुनं मीटर मागितलं तर म्हणाला, “ते भंगार झालं, कायले नेता? ठेवा इथंच.” ते ठेवून घेण्यात त्याचा स्वार्थ होता, हे पुढे कळलं.

पहिले काही दिवस पोरगा खूश. काटा कायम हिरव्यात! कामठी रोडच्या गर्दीत हिरव्यात, बुटीबोरीच्या सरळ रस्त्यावरही हिरव्यातच. डिझेल मात्र आधी लागायचं तेवढंच लागत होतं, उलट किंचित जास्तच.

मग बारीकसारीक विचित्र गोष्टी दिसायला लागल्या. सकाळी चावी फिरवली, इंजिन अजून सुरूही नाही, तरी काटा शून्याच्या थोडा वर उभा. सुरू केल्यावर आयडलला पाचशे दाखवायचा आणि तसंच चालू ठेवलं तर हळूहळू सातशे, आठशेवर सरकायचा. आवाजात फरक काहीच नाही. पोरगा म्हणे इंजिन तापून राह्यलं म्हणून. पण गरम इंजिनाचे फेरे वाढलेले कानाला कळतात, तसं काही ऐकू येत नव्हतं. आणखी एक, काटा सतराशेच्या पुढे जायचाच नाही. कितीही दाबा, सतराशे म्हणजे सतराशे. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “पंपाचा गव्हर्नर सेट आहे भाऊ, चांगलंच आहे, इंजिन वाचून राह्यलं.” गव्हर्नर म्हणजे डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचे फेरे हद्दीत ठेवणारी पंपातली यंत्रणा. उत्तर तयार होतं, आणि वरवर पटेल असंही.

फटका बसला तो कुरईच्या घाटात. शिवनीहून मका भरून गाडी नागपूरकडे येत होती. खवासाच्या आधी तो उतार लागतो. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झालाय, त्यामुळे गाडी आपोआप पळ घेते. पोराने शिकल्याप्रमाणे ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरवर घेतली आणि नजर काट्यावर ठेवली. काटा सतराशेवर शांत. इंजिन मात्र किंचाळत होतं. उतारावर गव्हर्नर डिझेल तोडतो, पण चाकंच इंजिनाला ढकलत असतील तर त्याचा काही इलाज चालत नाही. फेरे वाढतच जातात. एका मर्यादेपलीकडे व्हॉल्व्हची स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत बसवू शकत नाही आणि पिस्टन येऊन त्याला ठोकतो. घाट उतरल्यावर गाडीने टक-टक आवाज सुरू केला. मनसरला मिस्त्रीने टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा एक पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, वाकलेला. पोराला मी काही बोललो नाही. त्याने डोळ्यांसमोर जे दिसत होतं त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि मीटर असतं ते त्यासाठीच.

दिव्याची भानगड त्याच परतीच्या वाटेवर कळली. दुरुस्ती होईपर्यंत अंधार पडला. मी शेजारी बसलो होतो. गाडी आयडलवर उभी, पोराने हेडलाइट लावले आणि काटा दोनशेने खाली. बंद केले, परत वर. मी हॉर्न दाबायला सांगितलं. काटा प्रत्येक हॉर्नला थरथरला. डिपर मारला की तेवढ्यापुरता खाली.

दुसऱ्या दिवशी गाडी वाडीला एका म्हाताऱ्या वायरमनकडे नेली. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांनी मीटर काढलं, मागच्या दोन वायरी पाहिल्या आणि हसायलाच लागले. सिग्नलची वायर नव्हतीच. एक वायर चावीच्या प्लसवर, दुसरी अर्थिंगला, बस्स. झाकण उघडलं तर आत एक झेनर डायोड (ठरावीक व्होल्टच्या वरचंच पुढे सोडणारा पुर्जा), एक रेझिस्टन्स आणि काटा. “हे व्होल्टमीटर आहे बेटा,” चाचा म्हणाले. “तुझा काटा बॅटरी मोजून राह्यला.”

हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे सगळे चाळे एकदम कळतील. ट्रकला २४ व्होल्टची बॅटरी असते, बारा-बाराच्या दोन जोडलेल्या. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी पंचवीसच्या आसपास व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं, वेग वाढला की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) ते अठ्ठावीसच्या आसपास नेतो आणि तिथे रेग्युलेटर धरून ठेवतो. झेनरने खालचे चोवीस-साडेचोवीस व्होल्ट गिळले की काट्याला फक्त वरचे साडेतीन-चार व्होल्ट दिसतात. त्याखाली आरपीएमचं डायल चिकटवलं की एक्सिलेटर दिल्यावर काटा झक्कास चढतो, कारण आयडलवर दबलेलं व्होल्टेज वर येतं. रेग्युलेटरने धरलं की काटा सतराशेला थांबतो, म्हणजे बरोबर त्याने छापलेल्या हिरव्या पट्टीच्या वरच्या टोकाला. चावी फिरवताच तो शून्याच्या वर, कारण बॅटरी भरलेली. आयडलवर हळूहळू चढतो, कारण रात्रभर उतरलेली बॅटरी चार्ज होत असते. दिवे लावले की पडतो, कारण व्होल्टेज पडतं. आतला माल शे-दीडशेचा. माणसाने डोकं लावलंय हे मान्य करावंच लागेल.

चाचांनी मग बोनेट उघडलं आणि माझा जीव आणखी जळला. कंपनीचं जुनं मीटर बंद पडलंच नव्हतं. मागे कधीतरी अल्टरनेटर बदलला होता आणि बसवणाऱ्याने डब्ल्यू टर्मिनलची वायर तशीच टेप गुंडाळून लोंबती सोडली होती. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी इग्निशन कॉइल नसते, त्यामुळे माझ्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत मीटर फेऱ्यांचा हिशोब याच टर्मिनलवरून घेतं. दोन मिनिटांचं काम होतं. चालू स्थितीतलं कंपनीचं मीटर मी भंगार म्हणून दुकानदाराकडे ठेवून आलो होतो आणि त्याने ते केव्हाच विकलं होतं.

खरं काम करणारा काय करतो तेही चाचांकडून समजून घेतलं. डब्ल्यू टर्मिनलवर अल्टरनेटरच्या एका फेऱ्याला, तो बारा (चुंबकी) पोलचा असेल तर, विजेचे सहा ठोके मिळतात. पुलीमुळे अल्टरनेटर इंजिनाच्या समजा अडीचपट फिरतो, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला पंधरा ठोके. तीन हजार आरपीएमला सेकंदाला ७५० ठोके. चार सिलिंडरच्या पेट्रोल कारचं मीटर आठ हजाराला फक्त २६७ च्या आसपास ठोके मोजतं. म्हणून कारचं मीटर नुसतं जोडलं तर आमची गाडी आयडललाच साडेचार हजार दाखवेल! त्यामुळे मधे ठोक्यांना २.८ ने भागावं लागतं किंवा आतल्या सर्किटमधला रेझिस्टन्स-कपॅसिटर बदलावा लागतो, चोवीस व्होल्ट बारावर आणावे लागतात, आणि त्यानंतर नवं डायल. अल्टरनेटर किंवा त्याची पुली बदलली की हिशोब पुन्हा करायचा. हे सगळं करायला तुमच्या पुलीचं माप घ्यावंच लागतं. माझ्या दुकानदाराने बोनेट उघडलं नव्हतं. तुमचाही उघडत नसेल तर तो काय बसवतोय हे ओळखा.

तपासणीही अवघड नाही. क्रँकच्या पुलीवर चमकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवायचा आणि हातात धरायच्या लेझर टॅकोमीटरने मोजायचं. यंत्र हजार-दीड हजारात मिळतं, इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या बऱ्याच मिस्त्रींकडे असतंच. तेही नसेल तर रस्त्यावर हिशोब करता येतो. टॉप गिअर डायरेक्ट (एकास एक) असेल तर १०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ४० ला चाक मिनिटाला २०८ फेरे घेतं. त्याला मागच्या धुरीतल्या क्राउन-पिनियन गिअरच्या रेशोने गुणा. रेशो ६ असेल तर १२५० आरपीएम. काटा त्याच्या आसपास पाहिजे. ताशी ५० ला तोच काटा १५६० च्या जवळ सरकला पाहिजे. माझा दोन्ही वेळेला सतराशेवर असायचा.

पैशांचं म्हणाल तर दुकानदार आधी ओळखच दाखवेना. हेडलाइट लावून काटा पडतानाचा व्हिडिओ दाखवला, चाचांनी उघडलेलं मीटर काउंटरवर ठेवलं, तेव्हा तीन हजार हातात ठेवले आणि “आता मिटवा भाऊ” म्हणाला. उरलेले दीड हजार, कंपनीचं मीटर आणि पुशरॉडचा खर्च यावर तो बोलायला तयार नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. धंद्यासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा म्हटलं की समोरचा वकील तुम्ही ग्राहकच नाही म्हणून उभा राहतो. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला यातून सूट आहे, पण ते तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं. एकच गाडी आहे, तीच उपजीविका आहे, हे मी प्रतिज्ञापत्रात लिहून दिलंय आणि आरसीची प्रत जोडलीय. कच्च्या पावतीवर गाडीचा नंबर नव्हता, म्हणून दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि मनसरच्या मिस्त्रीचं बिलही सोबत लावलं. मीटर डायोडसकट जसंच्या तसं ठेवलंय. चाचा डायोड काढून दाखवायला निघाले होते, त्यांना थांबवलं.