जाळ्याचा दाखला आणि रापण: मालवणमधील एका अभ्यासवर्गाविषयी

मालवणमधील एका चर्चच्या सभागृहात येशूच्या दाखल्यांवर, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथांवर, मराठीतून अभ्यासवर्ग चालतो. दाखल्यांमागचा काळ समजून घेऊ इच्छिणाऱ्या कोणालाही, तो ख्रिस्ती असो वा नसो, हा वर्ग उपयोगी पडेल. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातील जाळ्याच्या दाखल्याचे सत्र तर एकट्यानेच फी वसूल करणारे आहे.

जाळ्यात सर्व प्रकारचे मासे येतात, मग चांगले ठेवून वाईट फेकून देतात, असा हा दाखला. प्रवचनांत तो बहुधा तडक अंतिम न्यायावर जाऊन पोहोचतो. येथे मात्र शिक्षकांनी आधी जाळेच समजावून सांगितले. वरच्या दोराला तरंगती लाकडे आणि खालच्या दोराला दगडी वजने असलेले ते लांबलचक जाळे गालील सरोवरात होडीतून वळसा घालून सोडत आणि किनाऱ्यावरून माणसे ते ओढून घेत, म्हणजे जवळजवळ आपली कोकणातली रापणच. त्यामुळे जाळ्यात मासा निवडून येत नाही, निवड नंतर वाळूवर बसून होते, हे वर्गातल्या रापणकरांना वेगळे सांगावे लागले नाही. ही निवड केवळ ताज्या-नासक्याची नव्हती, असे शिक्षकांचे म्हणणे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 11व्या अध्यायानुसार पर व खवले नसलेला जलचर निषिद्ध होता आणि गालीलच्या सरोवरात बिनखवल्यांचा शिंगाळ्यासारखा मासा मुबलक सापडे. आपल्याकडे चवीने खाल्ली जाणारी मोरीही (शार्क) त्या नियमात बसली नसती, यावर वर्गात बरीच चर्चा रंगली. मात्र मत्तय या नियमाचा उल्लेखही करत नाही. हा अभ्यासकांचा तर्क आहे, तो निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून मांडणे मला खटकले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातील दहा मोहरांचा दाखला मात्र घाईत उरकला गेला. त्यात एक उमराव राज्यपद मिळवण्यासाठी दूर देशी जातो आणि त्याचे नागरिक त्याला विरोध करण्यासाठी मागोमाग वकील पाठवतात. इ.स.पू. 4 मध्ये यहुदीयाचा राजा हेरोद मरण पावल्यावर त्याचा मुलगा अर्खेलाव राज्यपद मिळवण्यासाठी रोमला गेला, त्याला विरोध करण्यासाठी यहुद्यांचे शिष्टमंडळही तेथे पोहोचले, रोमन सम्राट ऑगस्टसने त्याला राजा ही पदवी नाकारली आणि इ.स. 6 मध्ये त्याला हद्दपार केले. दाखल्यातील उमराव आणि त्याचे नाराज नागरिक यांच्याशी हे इतके जुळते की त्यावर पूर्ण सत्र हवे होते, विशेषतः अर्खेलावाचा राजवाडा यरीहोत होता आणि लूकने हा दाखला येशूच्या यरीहोतील प्रसंगालाच जोडून दिला आहे, हे लक्षात घेता.

टिपणांच्या झेरॉक्स प्रतींवरील नकाशे वाचता येत नाहीत आणि वचनांचे क्रमांकही दिलेले नाहीत, त्यामुळे स्वतःचे बायबल सोबत न्यावे.