जुन्या गाडीचा एसी: काढायला निघाले होते, आता नव्या कॉइलवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला

आधी खर्च सांगते, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचत असतील. कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी) ३,४००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस बारीक भोकातून सोडणारा) ९००, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा) ८५०, ओ-रिंगा आणि कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) ऑइल ४५०, गॅस १,४००, डॅशबोर्ड उघडून परत बसवायची मजुरी ४,०००. एकूण ११,००० रुपये. गाडी २००७ सालची, अकराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, त्या काळातल्या सगळ्याच छोट्या गाड्यांची एसीची मांडणी जवळपास एकसारखी आहे. पंधरा वर्षं झाल्यावर २०२२ मध्ये आरसी रिन्यू केली तेव्हा ५,००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरला, म्हणजे २०२७ पर्यंत कागद पक्के. विकायला काढली तर साठ-सत्तर हजारांच्या वर कोणी देणार नाही. अशा गाडीत अकरा हजार घालायचे का, या एका प्रश्नावर मी वर्षभर अडून होते.

त्याआधीची कित्येक वर्षं दर एप्रिलला एकच प्रकार. एसी गार हवा देईनासा झाला की गॅरेजमध्ये न्यायचं, "गॅस संपलाय" हे ऐकायचं, गॅस भरून घ्यायचा आणि दिवाळीपर्यंत परत कोमट हवा. याचा मला अजूनही संताप येतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे गिऱ्हाइकाकडून दरवर्षी वर्गणी घेणं. बॉनेटखाली स्टिकरवर गॅस किती ग्रॅम भरायचा ते छापलेलं असतं. इतक्या वर्षांत एकाही ठिकाणी कोणी वजनकाटा काढला नाही. नळीला हात लावायचा, गार लागली की बिल फाडायचं. या गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. ओझोनला तो धोकादायक नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. चारशे ग्रॅम गळला तर साधारण पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. दरवर्षी हे माझ्या पैशाने चाललं होतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये एसी पार बंद पडला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेसर, कंडेन्सर (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), कॉइल, पाइप असं सगळं धरून ३८,००० चा अंदाज हातात दिला. काय फुटलंय हे शोधलंच नव्हतं, सगळंच बदला म्हणाले. कोपऱ्यावरचे मिस्त्री म्हणाले, "ताई, काढूनच टाका. वजन कमी होईल, पिकअप वाढेल." मला ते पटलं. माझ्या गाडीत कॉम्प्रेसरला वेगळा बेल्ट आहे, त्यामुळे तूर्त नुसता बेल्ट काढून भागलं. ज्यांच्या गाडीत एकच बेल्ट ऑल्टरनेटर किंवा पॉवर स्टिअरिंगही फिरवतो त्यांना असं जमत नाही, तिथे वेगळ्या मापाचा बेल्ट किंवा बायपास पुली शोधावी लागते. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर खाली उतरवायचं काम दिवाळीनंतर करू असं ठरवलं.

उन्हाळा काढला. पुण्याच्या मे महिन्यात काचा खाली करून चालवणं अशक्य नाही, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा निघायचं. शहरात एसी लावून तेराचं अॅव्हरेज मिळायचं, ते साडेचौदावर गेलं. चढाला गाडी मोकळी वाटायची. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी भेटेल त्याला सांगत होते की जुन्या गाडीला एसी नकोच.

मग पाऊस लागला. आई माणगावजवळ राहते, म्हणजे जाणं-येणं ताम्हिणी घाटातून. ज्यांनी जुलैत ताम्हिणी पाहिली आहे त्यांना धुकं आणि पाऊस वेगळा सांगायला नको, पण मी बोलतेय ते काचेच्या आतल्या धुक्याबद्दल. काचा बंद, गाडीत तीन माणसं, अंगावरचे कपडे आणि पायपुसणी ओली. पावसाने समोरची काच बाहेरून गार पडते आणि आतली दमट हवा तिच्यावर जमते. मुळशीचा जलाशय मागे पडेपर्यंत समोरचं दिसेनासं होतं. फडक्याने पुसलं की मिनिटभरात परत पांढरं, आणि पुसलेल्या काचेवर समोरच्या गाडीचे दिवे फराटे ओढल्यासारखे पसरतात. काच खाली करावी तर मांडीवर पाऊस. ब्लोअर लावावा तर तो बाहेरची शंभर टक्के दमट हवाच आत आणतो. काचेला शाम्पू, शेव्हिंग फोम, बाजारातला अँटी-फॉग स्प्रे सगळं लावून झालं. तासभर टिकतं, नंतर काच तेलकट होते. एका वळणावर दरडीचे दगड रस्त्यावर पडले होते, ते मला दिसायच्या आधी मागे बसलेल्या भाच्याला बाजूच्या काचेतून दिसले. त्या दिवशी एसी काढायचा विचार मी सोडला.

ही गोष्ट इतकी ताणून लिहितेय, कारण एसी काढावा का यावर सल्ला देणारे सगळे गारव्याचं आणि मायलेजचं बोलतात. पावसाळ्यातल्या काचेचं कोणीच बोलत नाही. एसीमध्ये हवा कूलिंग कॉइलवरून जाते. कॉइल शून्याच्या थोडीच वर असते, हवेतला ओलावा तिच्यावर पाणी होऊन जमतो आणि गाडीखालच्या नळीतून टपकतो. मागे उरते ती कोरडी हवा. तीच हीटरवरून थोडी गरम करून काचेवर सोडली की काच दोन मिनिटांत लख्ख. कोकणात, घाटात, गोव्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी एसी हा आधी काच साफ ठेवण्याचा सरंजाम आहे आणि मग गारव्याचा. माझ्या लेखी अकरा हजारांतले दहा हजार काचेचे.

२०२५ च्या फेब्रुवारीत फक्त एसीचंच काम करणाऱ्या एका दादांकडे गेले. उन्हाळ्याआधी जा, मार्चनंतर त्यांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो. त्यांनी गॅसला हातच लावला नाही. आधी नायट्रोजन भरून प्रेशर दिलं आणि काटा बघत बसले. काटा उतरला. बाहेरच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, कुठेच बुडबुडा नाही. म्हणजे डॅशबोर्डच्या आतली कॉइल. ती काढून पाण्याच्या टबात धरली, तेव्हा खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची रांग निघाली. त्या कोपऱ्यात माती आणि पानांचा लगदा घट्ट बसला होता. या गाडीत केबिन फिल्टर नाही, त्यामुळे ब्लोअर जे ओढतो ते थेट कॉइलवर. ओली माती अॅल्युमिनियमला चिकटून राहिली की ते कुजतं. वेल्डिंगचा पर्याय सहाशे रुपयांत होता, पण ते परत सुटलं तर डॅशबोर्ड पुन्हा उघडायची मजुरी धरावी लागते, मग त्यात काहीच बचत नाही. नवी कॉइल नाना पेठेतून स्वतः आणली.

डॅशबोर्ड उघडल्यावर दुसरा उलगडा झाला. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजवाल्याने हीटरच्या पाण्याच्या नळ्या इंजिनपाशीच एकमेकींना जोडून हीटर बायपास करून टाकला होता. आपल्याकडे हीटर कोणाला लागतो, या हिशेबाने हे सर्रास करतात आणि सांगतही नाहीत. काच साफ करायला कोरडी आणि कोमट हवा एकदम लागते, एकट्या एसीने काम अर्धंच होतं. हीटरची कोअर (गरम पाणी फिरतं ती आतली जाळी) तपासली, गळत नव्हती, नळ्या परत जोडून घेतल्या. तुमच्या गाडीत तापमानाचं बटण लालकडे फिरवून गरम हवा येत नसेल तर आधी हे बघून घ्या.

इथवर सगळं छान, मग भांडण झालं. संध्याकाळी पाइप उघडेच ठेवून दादा निघाले आणि जुना ड्रायर परत लावू म्हणाले, "चांगला आहे, कशाला साडेआठशे घालता?" पै न पै वाचवणारी मी इथे मात्र हटून बसले. ड्रायरमध्ये ओलावा शोषणारे दाणे असतात. यंत्रणा उघडी राहिली की ते हवेतलं पाणी पिऊन बसतात. आर-१३४एबरोबर वापरायचं पॅग ऑइलही ओलावा ओढतं. ओलावा आत राहिला की व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ धरतो आणि आतून गंज सुरू होतो. नवा ड्रायर शेवटच्या क्षणी पाकिटातून काढून लावायचा आणि पाइपांची तोंडं लगेच बंद करायची. माझ्यासमोर तसं करून घेतलं.

व्हॅक्युमवरूनही (गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढतात त्यावरून) वाजलं. त्यांनी दहा मिनिटं पंप लावला, मी पाऊण तास लावायला लावला आणि पंप बंद करून अर्धा तास काटा हलत नाही हे बघितलं. व्हिडिओत व्हॅक्युमचा काटा २९ इंचांच्या (पाऱ्याच्या) वर दाखवतात, तो समुद्रसपाटीचा हिशेब. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे काटा २८ च्या आसपासच थांबणार, त्यावरून मिस्त्रीशी वाद घालू नका. काटा टिकतो का तेवढं बघा. गॅस काट्यावर मोजून भरून घेतला. दादा नाराज होते, पण काम सरळ केलं, आणि आजही मी त्यांच्याकडेच पाठवते.

उन्हाळ्याचा अनुभव मध्यम. चालत्या गाडीत जाळीपाशी थर्मामीटर नऊ अंश दाखवायचा, सिग्नलला उभं राहिलं की चौदा-पंधरा. मी कॉइलला दोष देत होते, पण कंडेन्सरचा पंखाच मंद फिरत होता. त्याच्या मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बदलले, तेव्हापासून सिग्नललाही अकराच्या आत राहतो. शहरातलं अॅव्हरेज परत तेरावर आलं. चढाला पिकअप पडतो, खंबाटकी घाटात दुसरा गिअर लागतो. हे अकराशे सीसीत राहणारच.

पावसाळ्याने मात्र पूर्ण दाम वसूल केला. पहिल्या फेरीत काच परत धुरकट झाली तेव्हा पोटात गोळा आला होता, पण या वेळी धुकं बाहेरच्या बाजूने होतं. एसी फुल आणि बटण निळ्याच्या टोकाला ठेवल्यामुळे काच बाहेरच्या हवेपेक्षा गार पडली होती. वायपर एकदा फिरवला, बटण मधोमध आणलं, झालं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे: एसी चालू, तापमान मध्यावर, झोत काचेवर, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) बंद, पंखा दोनवर. ताम्हिणीत तुफान पावसातही फडकं हातात घेतलं नाही. आई पुढे बसते, तिला गार लागत नाही, हाही फायदा.

महिन्यातून एकदा खालची पाण्याची नळी तारेने मोकळी करते. ती तुंबली की पाणी आईच्या पायाशी येतं. थंडीतही आठवड्याला दहा मिनिटं एसी लावते, म्हणजे ऑइल फिरत राहतं आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील सुकत नाही.

गाडी फक्त सोलापूर-लातूरकडे, कोरड्या हवेत, संध्याकाळची चालवायची असेल आणि कॉम्प्रेसरच जाम झाला असेल तर खुशाल काढा. कॉम्प्रेसरचे तुकडे नळ्यांभर पसरले असतील तर फ्लशिंग (नळ्या आतून धुणं) आणि नवा कंडेन्सर धरून बिल वीस हजारांच्या वर जातं, मग माझंही गणित बदललं असतं. कॉइल गळत असेल आणि वर्षातून दोनदा जरी घाट उतरायचा असेल तर दुरुस्त करा.

कंडेन्सर अजून मूळचाच आहे. पुढून दगड लागून त्याच्या बऱ्याच पात्या वाकल्या आहेत. दादांनी नव्याचे ३,८०० आणि बसवायचे ८०० सांगितलेत. गॅस परत उतरायला लागला तर येत्या फेब्रुवारीत तो आणि त्याच्याबरोबर ड्रायर परत नवा.